खालचा आवाज

शशिकांतराव देवतळे फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे कान फॅक्टरीतच राहून गेले होते. सगळी नोकरी फोर्ज शॉपमध्ये झाली. लालभडक तापलेल्या लोखंडावर तिथे दिवसरात्र हातोडा पडायचा, इतका जड की शॉपची जमीन प्रत्येक घावाला दचकायची. माणसं कानात कापूस कोंबून काम करायची, आणि कापसाने जेवढं वाचायचं तेवढं वाचलं. आता चिमण्यांचा, कुकरच्या शिट्टीचा, बायकांच्या बोलण्याचा बारीक आवाज त्यांना येत नसे. जाड आवाज तेवढे यायचे, रस्त्यावरच्या ट्रकचे, गणपतीतल्या ढोलांचे. कानाचं मशीन त्यांनी थोडे दिवस लावून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, यात माणसं कमी अन् भांडीच जास्त ऐकू येतात.

निवृत्तीनंतर एकच हौस उरली होती, जुने हिंदी सिनेमे. जबलपूरच्या रांझी भागातल्या त्यांच्या घरी टीव्ही एवढ्या मोठ्याने चाले की शेजारच्या बेबीताई अंगणात भाजी निवडता निवडता सिनेमा ऐकून घेत. तरी शशिकांतरावांना संवाद कळत नसत. मध्येच ते हेमलताबाईंना विचारत, "काय म्हणाला तो?" आणि हेमलताबाई हातातलं काम ठेवून सांगत.

त्या दिवाळीला मुलगा श्रीरंग हैदराबादहून आला. वडिलांचं हे विचारणं त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सदरच्या बाजारात गेला. येताना ऑटोत बापलेकांना बसायला जेमतेम जागा उरली, बाकी खोकीच खोकी.

"एवढं काय करायचं आहे आपल्याला?" शशिकांतराव वाटभर म्हणत होते.

"बाबा, तुम्हाला वरचा आवाज येत नाही. खालचा तर येते न? मग खालचाच चांगला घेऊ."

समोरच्या खोलीत थर्माकोलचा ढीग पडला. खोक्यांतून पाच छोटे स्पीकर निघाले, एक अँप्लिफायर निघाला, आणि शेवटी एक काळा चौकोनी डबा, जो श्रीरंगला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलावा लागला. हा सबवूफर, त्याने सांगितलं. बाकीचे पाच बोलतील, गातील. हा फक्त खालचं सांभाळेल.

"खालचं म्हणजे?"

"ढोल, मोटारी, बादलांचा गडगडाट. जे कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येते ते सगळं."

श्रीरंगने अँप्लिफायरच्या मागून एक वायर काढून डब्याच्या पाठीत खुपसली. मग त्याने एक अजब गोष्ट केली. डबा उचलून त्याने दिवाणावर, वडिलांच्या रोजच्या बसायच्या जागी ठेवला, ढोलकीचं एक गाणं लावलं आणि स्वतः गुडघ्यांवर येऊन भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागला.

"हे काय करून राहिला तू?"

"याची जागा शोधून राहिलो. जिथे तुम्ही बसणार तिथे याला बसवायचं, अन् आपण फिरायचं. जिथे आवाज एकसारखा, साफ येईल, तीच याची जागा."

शशिकांतराव थोडा वेळ पाहत राहिले. मग गुडघा धरून तेही खाली उतरले आणि दुसऱ्या भिंतीपासून रांगायला लागले. कोपऱ्याशी आल्यावर ते थांबले. "इथे मस्त आहे. सगळ्यात मोठा इथेच आहे."

"कोपऱ्यात नको बाबा. कोपऱ्यात दोन्ही भिंती त्याला वाढवतात. नुसता घुमते."

हेमलताबाई चकलीच्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या होत्या. दोघांना तसं पाहून म्हणाल्या, "चलो, दोघंही बाळ झाले," आणि हसत आत गेल्या.

खिडकीखालची जागा ठरली. डबा तिथे गेला. त्याच्या पाठीवर दोन बटणं होती आणि एक छोटा खटका. एक बटण आवाज कमीजास्त करायचं. दुसऱ्याने ठरायचं की या डब्याने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे. डावीकडे जितकं फिरवाल तितके वरचे सूर गळतात आणि अगदी तळचे तेवढे उरतात. खटका एका बाजूला केला की आवाज भरीव येई, दुसऱ्या बाजूला केला की पोकळ. कोणत्या बाजूला ठेवायचा ते बसणाऱ्याने सांगायचं. शशिकांतरावांनी दिवाणावर बसून सांगितलं. आयुष्यभर यंत्रांशी घालवलेला माणूस, त्यांना हे सगळं लगेच समजलं आणि आवडलं.

"आता शेवटचं काम," श्रीरंग म्हणाला. "अँप्लिफायर स्वतःच पाळीपाळीने एकेकाला आवाज देईल. सगळे सारखे वाटतात काय, तेवढं सांगा."

पाचही स्पीकर एकामागून एक फुसफुसले. शशिकांतरावांना ते जेमतेम कळलं. मग डब्याची पाळी आली. त्यात गाणं नव्हतं, ताल नव्हता. जमिनीखालून काहीतरी जड सरकत यावं तशी नुसती सलग घरघर सुरू झाली. खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरात फळीवरच्या थाळ्या एकमेकींना लागून वाजायला लागल्या.

"हे येऊन राहिलं मला," शशिकांतराव खूश होऊन म्हणाले. "हे तर एकदम साफ. अजून वाढव."

श्रीरंगने आवाज वाढवला, आणि त्याच वेळी हेमलताबाई खोलीत आल्या. खाली बसलेल्या श्रीरंगचं मनगट त्यांनी पकडलं आणि त्याला ओढलं. तो उंचापुरा, त्यांच्यापेक्षा हातभर वर असलेला मुलगा, पण त्या ओढीने तो उठला आणि त्यांच्या मागे खेचला गेला, अंगणातून, फाटकातून, थेट रस्त्याच्या मध्यावर. त्या अनवाणी होत्या. रस्त्यावर उभ्या राहून त्या घराकडे बघत होत्या आणि मुलाचं मनगट सोडत नव्हत्या.

"आई, काही नाही झालं. मशीन आहे. आई, मशीन आहे ते."

बेबीताई त्यांच्या फाटकाशी आल्या. घरातून तो आवाज अजून येतच होता. त्यांचाही चेहरा उतरला. "काय जी, पुन्हा आला काय?"

शशिकांतराव दारात उभे होते. काय चाललं आहे ते त्यांना सगळ्यांत उशिरा कळलं. ते आत गेले आणि त्यांनी भिंतीतून प्लगच उपटला. परत बाहेर आले तेव्हा श्रीरंग आईचं एकेक बोट आपल्या मनगटावरून सोडवत होता. तिथे ओलं पीठ लागलं होतं आणि पिठाखाली लाल वळ होते.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात जबलपूरला भूकंप झाला तेव्हा देवतळ्यांच्या घरात चार माणसं होती. चौथी विनता, श्रीरंगची धाकटी बहीण, तिसरीतून चौथीत गेलेली. उन्हाळ्याची रात्र होती. हेमलताबाई आणि श्रीरंग अंगणात खाटा टाकून झोपले होते. विनताला डासांचा राग यायचा, म्हणून ती आत, समोरच्या खोलीत कूलरसमोर झोपली होती. एरवी शशिकांतराव तिच्याजवळ असत, पण त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. खोलीची मागची भिंत जुनी, मातीत रचलेली. ती आत पडली.

शशिकांतरावांना तो भूकंप कळलाच नव्हता. हातोडा पडत होता, जमीन रोजच्यासारखी हलत होती, कानात कापूस होता. दिवे गेले आणि लोक ओरडत बाहेर धावले तेव्हा ते त्यांच्यामागे धावले. फाटकाबाहेर कोणीतरी सांगितलं की शहरात घरं पडली आहेत. ते सायकलवर घरी पोचले तोवर शेजाऱ्यांनी विनताला बाहेर काढलं होतं.

"झोपेतच गेली," हेमलताबाईंनी त्यांना सांगितलं होतं. "तिला काही कळलंच नाही." मग तेच बेबीताईंनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, अंत्यविधीला आलेल्या सगळ्यांनी सांगितलं. शशिकांतरावांनी ते वाक्य धरून ठेवलं. भिंत पुन्हा विटा-सिमेंटात बांधली, खोलीला रंग दिला, दिवाण आणला, टीव्ही आणला. ते वाक्य नसतं तर त्या खोलीत त्यांना एक दिवसही बसता आलं नसतं.

त्यानंतर कितीतरी महिने गावात सगळे त्या आवाजाबद्दल बोलत. पानठेल्यावर, कॅन्टीनमध्ये, बडा फुहाऱ्याच्या कापड दुकानांत, सगळीकडे तेच. आधी आवाज आला, मग जमीन हलली. कोणी म्हणे घराखालून रेल्वे गेली, कोणी म्हणे हजार रोडरोलर. प्रत्येकाजवळ त्या आवाजाची स्वतःची गोष्ट होती. शशिकांतराव ऐकत आणि गप्प राहत. ज्याची मुलगी गेली त्याच्याजवळच सांगायला काही नव्हतं. घरी या विषयावर कोणी बोलत नसे. हेमलताबाई नाही, श्रीरंग नाही. बोलावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी श्रीरंगने सबवूफरची वायर काढली, गुंडाळली आणि खणात टाकली. आईची त्याने किती वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत, बाळा," आणि चकल्या तळायला बसल्या. जायच्या दिवशी तो वडिलांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, सबवूफर मत लगाना. बाकीचे पाच चालू द्या."

बाकीचे पाच चालू राहिले. त्यांतून येणारं सगळं बारीक होतं. शशिकांतरावांना ते पूर्वीच्या टीव्हीपेक्षाही कमी ऐकू येई, पण मुलाने फोनवर विचारलं की ते म्हणत, छान आहे.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी हेमलताबाई बेबीताईंसोबत लोकर आणायला सदरला गेल्या. त्या ऑटोत बसल्या, ऑटो वळणावरून दिसेनासा झाला, आणि शशिकांतराव घरात येऊन सरळ त्या खणाकडे गेले. हे आपण करणार आहोत, हे त्यांना दिवाळीपासून माहीत असावं. त्यांना सिनेमा पाहायचा नव्हता. रस्त्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तेरा वर्षं ज्या आवाजाबद्दल फक्त ऐकलं, तो त्या दिवशी आपल्याच घरात वाजला होता आणि आपण खूश होऊन म्हणालो होतो, अजून वाढव.

त्यांनी वायर जोडली. तपासणीचा आवाज लावला, पाच स्पीकर ओलांडून डब्याच्या पाळीवर थांबवला. मग फरशीवर मांडी घालून बसले आणि डब्यावर हात ठेवला. घरघर तळव्यातून कोपरापर्यंत चढली. ते डोळे मिटून बसले. काय शोधायचं ते कळत नव्हतं. हातोड्याच्या ओळखीचं काहीतरी त्यात होतं, पण हातोडा पडून थांबे. हे थांबत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा दारात हेमलताबाई उभ्या होत्या. पायात चपला, हातात रिकामी पिशवी. दुकान बंद होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. शशिकांतरावांचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. शशिकांतरावांना ते ओठांवरून कळलं.

त्या आत आल्या, दिवाणाच्या कडेवर बसल्या. चेहरा पांढरा होता, पण त्या उठल्या नाहीत. बराच वेळ ऐकून त्या त्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "असा नव्हता."

"काय?"

"तो असा नव्हता. हा वरवरचा आहे. तो अजून खालचा होता."

शशिकांतराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डब्याच्या पाठीमागे हात घालून दुसरं बटण डावीकडे फिरवलं. वरचा खरखरीत भाग गळून गेला.

"अजून," हेमलताबाई म्हणाल्या.

त्यांनी ते पार टोकाला नेलं. आता आवाज असा राहिलाच नव्हता, नुसतं फरशीतून येणारं काहीतरी होतं.

"हा बारीक झाला. तो मोठा होता. सगळीकडून होता."

त्यांनी आवाज वाढवला. मग ते उठले, डबा फरशीवरून ढकलत खिडकीखालून काढला आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन टेकवला. दोन्ही भिंतींनी आवाज उचलला. थाळ्या वाजायला लागल्या, टीव्हीवरची धूळ हलली. हेमलताबाईंनी दिवाणाची कड दोन्ही हातांनी पकडली होती.

"असा?"

त्यांनी मान हलवली. "पोकळ आहे. आत काही नाही याच्या."

शशिकांतरावांनी खटका दुसऱ्या बाजूला ढकलला.

हेमलताबाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं. शशिकांतराव त्यांच्याजवळ येऊन बसले, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"हा?"

"हो."

दोघं ऐकत बसले. शशिकांतरावांना तो आता स्वच्छ येत होता, पायांतून, मांड्यांतून, दातांतून. त्यांना वाटलं होतं, हा आवाज ऐकला की आपण त्या रात्री घरी असल्यासारखं होईल, निदान एवढं तरी आपल्या वाट्याला येईल. तसं काही झालं नाही. ते दिवाणावर होते आणि दुपार होती.

"किती वेळ होता?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत."

"आठवून पहा. मी बंद करून सुरू करतो. संपला त्या वेळी हात वर कर."

असं का विचारलं, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्यांनी आवाज बंद केला. खोली एकदम रिकामी झाली. मग पुन्हा सुरू केला आणि बायकोच्या हाताकडे बघत उभे राहिले. हेमलताबाईंनी डोळे मिटले होते. हात मांडीवर होता. आवाज चालू राहिला. थाळ्या वाजत राहिल्या. शशिकांतरावांना वाटलं, आता वर होईल. आता होईल. बाहेरून कोणीतरी सायकलवरून गेलं, आवाजाने थांबून घराकडे पाहिलं आणि पुढे गेलं. हात मांडीवरच होता. मग तो उचलला गेला.

त्यांनी आवाज बंद केला.

"इतका वेळ?"

"हो."

"एवढा मोठा? इतका वेळ?"

हेमलताबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्यांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

"हेमा," शशिकांतराव म्हणाले, "एवढ्या आवाजात कोणी झोपून राहते काय?"

त्या उठायला लागल्या. शशिकांतरावांनी त्यांचा हात धरला. जोरात नाही, नुसता धरला.

"उठली होती काय ती?"

"जाऊ द्या न जी."

"उठली होती?"

हेमलताबाई पुन्हा बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग त्यांच्या कानाशी आल्या, कारण हे मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं.

"उठली होती. मला आधी वाटलं, मिलिटरीच्या गाड्या चालल्या. मग खाट हलली तशी मी श्रीला पकडलं, तो जवळ होता. तेवढ्यात तिने आतून हाक मारली. मी दाराकडे निघाली. मग भिंत आली."

"तुला हाक मारली."

हेमलताबाईंनी नजर वळवली.

"आई म्हणाली न?"

"बाबा म्हणाली," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज तिथेच झोपत होते न. तिला झोपेत वाटलं असेल, तुम्ही बाजूला आहात. बाबा, बाबा, असं दोन-तीनदा. मग नाही."

शशिकांतरावांनी त्यांचा हात सोडला. पुष्कळ वेळाने म्हणाले, "मला काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

त्यांना राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते दिसत नव्हतं. तेरा वर्षं या बाईने ती हाक एकटीने ऐकली, याच खोलीत झाडू मारला, याच दिवाणावर चादर बदलली, आणि सिनेमातला नट काय म्हणाला ते आपल्या कानाशी येऊन सांगत राहिली. आणि आपण? आपण तिच्याच एका वाक्यावर सुखाने जेवलो, झोपलो. त्यांना बायकोची कणव यायला हवी होती. ती आली नाही. मुलगी आपल्याला बोलावत होती, एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि त्याच्यापुढे काही सुचेना.

संध्याकाळी त्यांनी अंगणात उभं राहून श्रीरंगला फोन लावला. फोनवर त्यांना फार कमी येई, पण मुलाचा आवाज जाड होता, तो यायचा.

"श्री, एक विचारतो. त्या रात्री तू आईजवळ होता. विनीचा आवाज आला होता तुला?"

फोन कटला असं वाटून ते म्हणाले, "हॅलो?"

"हो बाबा."

"हो म्हणजे?"

"आला होता." मग थांबून, "आईने सांगितलं?"

"तू सांग. काय म्हणत होती?"

"तुम्हाला बोलावत होती," श्रीरंग म्हणाला. मग तो भराभर हिंदीत बोलायला लागला, लहानपणी घाबरला की बोलायचा तसा. "मम्मी ने मना किया था बाबा. बोली थी, बाबा को कभी नहीं बताना. मैं छोटा था. बाद में फिर कैसे बताता?"

"बरं."

"मी येऊ काय? सुट्टी घेतो."

"काहून? येऊन काय करशील."

त्यांनी फोन ठेवला. म्हणजे घरात तिघं उरले होते आणि त्यांतल्या दोघांना माहीत होतं. जेवताना, सणाला, मुलाच्या निकालाच्या दिवशी, तो नोकरीला निघाला त्या दिवशी, प्रत्येक वेळी त्या दोघांमध्ये ती हाक होती आणि हे तिसरे बाहेर बसून होते. त्यांना सांभाळून घेतलं होतं. फॅक्टरीत एखाद्या जखमी माणसाला हलकं काम द्यावं तसं घराने त्यांना इतकी वर्षं हलकं काम दिलं होतं.

पुढे काही दिवस ते फारसे बोलले नाहीत. हेमलताबाईंनीही बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. डबा कोपऱ्यातच होता. त्याला कोणी हात लावला नाही. शशिकांतरावांना वाटलं होतं, मनातलं इतक्या वर्षांचं बोलून टाकल्यावर बायको थोडी तरी हलकी होईल. ती तशी दिसत नव्हती. उलट त्या आता रात्रंदिवस त्यांच्याकडे लक्ष ठेवून असत, ताटात किती वाढलं, किती उरलं, ते बघत असत. आधी त्यांना एक ती हाक सांभाळायची होती, आता नवराही.

एका सकाळी शशिकांतराव स्वयंपाकघरात येऊन बसले. हेमलताबाई तांदूळ निवडत होत्या.

"अजून काही आहे काय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "काय?"

"त्या रात्रीचं. अजून काही राहिलं आहे काय, मला न सांगितलेलं?"

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "एवढंच होतं."

त्या त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, शांतपणे, समजावणीच्या सुरात. शशिकांतरावांना आठवलं, झोपेतच गेली, हेही त्यांनी असंच डोळ्यांत बघून सांगितलं होतं. खरं कोणतं हे ओळखायला आता त्यांच्याजवळ काही साधन नव्हतं. ते उठून गेले.

संक्रांतीला श्रीरंग आला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी त्याने पाचही स्पीकर भिंतीवरून उतरवले, वायरी काढल्या, सगळं परत खोक्यांत भरलं. सबवूफर कोपऱ्यात पाहून तो थबकला, मग काही न विचारता त्याने तो पोटाशी धरून बाहेर नेला. सदरमध्ये त्याच्या एका मित्राची व्यायामशाळा होती, तिथे सगळं देऊन टाकलं. बापलेक चार दिवस एकत्र जेवले. हवापाण्याचं बोलले, हैदराबादच्या घरभाड्याचं बोलले. स्टेशनवर गाडी सुटताना श्रीरंगने खिडकीतून हात बाहेर काढून वडिलांचा हात धरला आणि काहीतरी म्हणाला. शशिकांतरावांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांग म्हटलं नाही, मान हलवली.

टीव्ही ते आताही लावतात. दुपारी, दिवाणावर बसून, जुनेच सिनेमे. आवाज पूर्ण बंद केलेला असतो. बेबीताईंनी एकदा विचारलं, सेट बिघडला काय, तर हेमलताबाई म्हणाल्या, नाही, यांनाच नको वाटते. काम आटोपलं की त्या येऊन शेजारी बसतात. पडद्यावर माणसं तोंडं हलवत असतात, रडतात, एकमेकांना मिठ्या मारतात.

"काय म्हणून राहिला हा?" कधीतरी हेमलताबाई विचारतात.

"काय माहीत," शशिकांतराव म्हणतात, आणि दोघं पुढचं पाहत राहतात.